पाटीच्या मागे साठ यार्ड

आमच्या काउंटीनं रस्त्याकडेला लावलेल्या लोखंडी पाटीवर तीनच ओळी आहेत. १८५१ साली इथं ओंडक्यांची शाळा होती, टॅबिथा क्रल ही तिची पहिली शिक्षिका, आणि शाळेची जागा 'या पाटीच्या मागे साठ यार्डांवर'. सगळा घोळ त्या 'मागे'नं घातला.

सहा वर्षांपूर्वी बर्फ काढणाऱ्या गाडीनं ती पाटी आडवी केली. उन्हं पडल्यावर रस्ते खात्याची माणसं आली आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली, पण रस्त्याच्या अलीकडे, माझ्या फाटकाशी. शाळा होती पलीकडे, जिथं आता शेजाऱ्याचं सोयाबीन आहे. आता पाटीच्या मागे साठ यार्ड मोजले की माझं कोंबड्यांचं खुराडं येतं. डोकं वापरायचा पगार त्यांना मिळत नसावा.

माझी बायको नेल्डा त्याच हिवाळ्यात गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवसच्या दिवस मी फक्त कोंबड्यांशी बोलायचो, आणि त्या काही फार ऐकून घेणाऱ्या नाहीत.

अशात एका दुपारी ओहायोचं एक जोडपं फाटकाशी आलं. "काका, शाळा इथंच होती ना?" 'पलीकडे' म्हणायला मी तोंड उघडलं. पण अकरा दिवसांत कुणी माणूस दारात आलं नव्हतं. मी म्हणालो, "इथंच. या ना आत. कॉफी टाकतो."

मग चटकच लागली. लोक विचारायचे, ही टॅबिथा होती कशी? मला काय माहीत! मला अंतर्बाह्य माहीत असलेली बाई एकच. म्हणून टॅबिथा डावखुरी झाली. ढग गडगडले की टेबलाखाली शिरायला लागली. ॲपल पाय खाताना आधी कडा खाऊन मऊ भाग शेवटाला ठेवायला लागली. मी रंगून सांगायचो आणि लोक वहीत लिहून घ्यायचे. नेल्डाबद्दल बोलायला मिळतंय, एवढंच मला पुरेसं होतं.

यंदा एप्रिलमध्ये वर्ना हॉलिस आली. ऐंशीच्या पुढची, एकटी, मिसूरीहून स्वतः गाडी चालवत. हातात पिवळी फुलं. टॅबिथा तिच्या पणजीची सख्खी बहीण.

खुराड्यापाशी फुलं ठेवून ती गुडघ्यांवर बसली. कोंबड्यांची घाण, पिसं, कशाची पर्वा नाही. म्हणाली, "तुम्हीच ना टॅकेट? तुम्ही सांगितलेलं कुणीतरी इंटरनेटवर टाकलंय. आमच्याकडे तर तिची एकही आठवण उरली नव्हती. माझी पणती डावखुरी आहे हो! शाळेत पोरं चिडवतात तिला. आता ताठ मानेनं सांगते, आमची टॅबिथापण डावखुरी होती म्हणून."

गप्प बसलो असतो तर ती कॉफीला थांबली असती, तासभर तरी. नाताळला कार्डही आलं असतं. मला ते सगळं हवं होतं.

"बाई, उठा," मी म्हणालो. "शाळा इथं नव्हती. पलीकडे, त्या शेतात. पाटी चुकीच्या बाजूला लावलीय."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

तिनं फुलं उचलली. उठताना मी हात पुढे केला, तो तिनं धरला नाही. "आणि डावखुरी? तेही खोटंच का?"

"ती माझी बायको. नेल्डा."

तिनं फुलांना चिकटलेलं पीस झटकलं. "तिचं म्हणूनच सांगायचं होतंत की."

"तिच्याबद्दल कोण विचारतंय, बाई? तिची पाटी कुठाय?"

"मग मी त्या पोरीला आता काय सांगू?" तिनं विचारलं. ती रस्ता ओलांडून गेली, शेताच्या कडेला फुलं ठेवली आणि परतली. गाडीत बसताना तिनं ओरडून विचारलं, "काउंटीच्या ऑफिसला फोन मी करू की तुम्ही करताय?"

"मी करतो."

दुसऱ्या दिवशी केला. मेमध्ये माणसं आली आणि वीस मिनिटांत पाटी पलीकडे गेली. कॉफी विचारली, तर त्यांनी आपापले थर्मास दाखवले.

त्यानंतर माझं फाटक कुणी उघडलेलं नाही. रविवारी गाड्या थांबतात, पण पलीकडे. परवा एकानं मला ओसरीवर बसलेलं पाहिलं आणि शेताकडे बोट करून विचारलं, "काका, शाळा तिथंच होती ना?"

"हो, तिथंच," मी ओरडलो.

त्यानं हात हलवला, फोटो काढला आणि गेला. मी खरं सांगितलं होतं, त्यामुळे त्याला थांबायचं काही कारण नव्हतं.