भिंतीकडची जाड लाकडं

१९७१ साल होतं. ज्या हिवाळ्याला आमच्याकडे अजूनही नुसतं ‘मोठं बर्फ’ म्हणतात, त्याच्या आधीचा शरद. मी नवी नवरी होऊन बाने शहराच्या वरच्या डोंगरातल्या गावात आले होते. घरात आम्ही तिघी: सासूबाई आमना, थोरली जाऊ खुन्चे आणि मी. दोघे भाऊ खाली विटांच्या भट्टीवर गेलेले, ते वसंतात परतणार. सरपणाचं काम आम्हा दोघी जावांकडे. खुन्चेला चौथा महिना लागला होता.

तिथं प्रत्येक घराला ओकचं रान वाटून दिलेलं असतं. त्याचे चार भाग करून दर वर्षी एकाच भागाच्या फांद्या छाटायच्या. पाला शेळ्यांना, काठ्या चुलीला. म्हणून रानातली फांदी मनगटाहून जाड होतच नाही. जाड ओक फक्त कब्रस्तानात. तिथं कुणी कुऱ्हाड लावत नाही. वाऱ्यानं पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. मयताला न्हाऊ घालायचं पाणी तिच्यावर तापवायचं. माझं माहेर सपाटीवरचं, गव्हाचं. तिथं गोवऱ्या जळतात. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी आमचा छाटणीचा भाग नेमका सगळ्यात लांबचा आला, कड्याच्या पलीकडचा. दिवसभर खपून एक खेचरभर काठ्या यायच्या. भिंतीकडची रास खिडकीपर्यंतही चढली नव्हती. खुन्चे दर चढावर कमरेला हात लावून थांबायची.

एका वादळानंतर आम्ही कब्रस्तानाच्या खालच्या वाटेनं चाललो होतो. त्याच्या दगडी गडग्यावरून एक अवाढव्य फांदी वाटेवर आडवी पडली होती. खुन्चेनं आजूबाजूला पाहिलं. मग घरी जाऊन तुळया कापायची दोन मुठींची करवत घेऊन आली.

“बस त्या बाजूला. आणि ऐक, फक्त ओढायची, ढकलायची नाही. ढकललीस की पातं वाकतं.”

“ही कुणाची आहे, जाऊबाई?”

“वाऱ्याची. ओढ!”

मी ढकललंच. पातं अडकलं.

“अगं, तुझ्या माहेरी गहू काय दातांनी कापतात?” ती हसली, पण तिचे डोळे वाटेवर होते.

हळूहळू जमलं. ती ओढायची तेव्हा मी हात सैल सोडायची, मी ओढायची तेव्हा ती. इतकं जाड, तांबूस, आंबूस वासाचं लाकूड मी कधी पाहिलं नव्हतं. अंधार पडायच्या आत सगळं खेचरावरून घरी आणलं. तिनं जाड ओंडके भिंतीला लावून रचले आणि रानातल्या बारीक काठ्या पुढे.

“जाड आत, बारीक बाहेर,” ती म्हणाली. “हवा खेळते.”

मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी माम वस्मान, म्हणजे वस्मानकाका, आले. कब्रस्तान राखणारा म्हातारा, सासूबाईंच्या बरोबरीचा.

“आमना, माझी फांदी पाहिलीस का गं?”

“तुला कधीपासून फांद्या फुटायला लागल्या?” सासूबाई म्हणाल्या.

“थट्टा नको. मोठी होती. मशिदीत सांगून बसलो होतो, यंदा मयताच्या न्हाणीघराची काळजी नाही म्हणून. आणि ती गायब.”

मी तोंड उघडलं तशी खुन्चेची टाच माझ्या पायावर आली. तिचे हात पिठात होते. माम निघून गेले तरी ती तेच पीठ मळत राहिली.

“लहानगे, काही बोलू नकोस,” रानाच्या वाटेवर ती मला म्हणाली. मग फांदीचा अर्थ तिनंच सांगितला. “मीच सांगीन त्यांना. एवढं सरपण भरू दे.”

सरपण भरलं नाही, आणि गावात कुजबुज मात्र भरली. वस्माननंच फांदी लेकीच्या गावी नेऊन विकली म्हणे. म्हातारा आधी हसायचा. मग मशिदीतल्या चहाला येईनासा झाला. खुन्चे त्यांच्या दारावरून जाताना ओढणीचं टोक दातात धरायची.

मग बर्फ आलं. छपरांवरून खोरं फिरवताना हात गळून जायचे. वाटा म्हणजे खोल चर झाले. पुढच्या काठ्या रोज कमी होत होत्या आणि मागचं जाड लाकूड जवळ येत होतं. खुन्चे दुसऱ्या कुणाला राशीकडे फिरकू द्यायची नाही. तंदूर एक दिवसाआड पेटवू लागली.

“नवरा तिकडे विटा भाजतोय आणि तू आम्हाला इथं गोठवतेस,” सासूबाई कांबळ्यातून कुरकुरल्या.

“बर्फ लांबेल, दाया. पुरवून वापरते.” सासूबाईंना आम्ही दाया, म्हणजे आई, म्हणायचो.

खुन्चे मला म्हणायची, “वाट मोकळी झाली की जाते बघ मामांकडे.” वाट दोनदा मोकळी झाली. ती चरापर्यंत गेली आणि वळून आली. मीही तिला ढकललं नाही.

एका सकाळी शेजारीण छपरावरूनच ओरडली, “माम वस्मान गेले!” आणि पाठोपाठ, “न्हाणीघरात एक काटकी नाही. दुसऱ्यांचं लाकूड विकलं, आता त्यालाच पाणी तापवायला नाही!”

खुन्चे उठली. राशीकडे जाऊन तिनं पुढच्या काठ्या दोन्ही हातांनी बर्फात फेकायला सुरुवात केली. सासूबाई दारात आल्या. भिंतीशी जाड ओंडके दिसले. सासूबाई आत जाऊन दोर घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला.

“तिला जड उचलू देऊ नकोस.”

पण तिनं उचललंच. भर दिवसा, गावच्या मधल्या चरातून. ओझ्यातून ओंडक्यांची तोंडं बाहेर आलेली. छपरांवरची खोरी थांबली. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

न्हाणीघराच्या दारात मामांची बायको हबसा उभी होती.

“हबसाखाला, मी नेलं होतं,” खुन्चे म्हणाली. “मामांनी नाही.”

“हे त्याला सांगायचं होतंस.”

हबसानं दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले, आवाज ऐकला.

“वाळलंय. ठेव.”

एवढंच. पाणी तापलं. बाहेर पुरुष उभे होते, त्यांतले काही खाली पाहत होते.

खुन्चेला बर्फ वितळताना मुलगी झाली. हबसा बाळ बघायला आली नाही, पण तिनं वाळलेले अंजीर पाठवले. दुसऱ्या वसंतात ती लेकीकडे गेली आणि तिकडेच वारली. सासूबाईंनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मरताना मात्र खुन्चेलाच जवळ बसवून घेतलं. शेजारणीनं तर पुढे शपथेवर सांगायला सुरुवात केली, की मला पहिल्यापासून खुन्चेचाच संशय होता.

खुन्चे दर शरदात कब्रस्तानात पडलेल्या फांद्या गोळा करायची. करवतीचं दुसरं टोक माझ्याकडे. लोक तिला दुवा द्यायचे, तेव्हा ती कानांवर ओढणी घ्यायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिनं रचलेल्या लाकडांवरच तिचं पाणी तापलं.

मी आता मुलाकडे शहरात असते. इथं बटण फिरवलं की खोली गरम होते. करवत मी सोबत आणली आहे. सून म्हणते, मोडीत देऊ या. मी म्हणते, असू दे. तिचं दुसरं टोक धरायला आता कुणी नाही.