चौथं नाव

१९४९च्या श्रावणात नंदिनीला ताप आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तीन दिवस अंग नुसतं भाजत होतं. चौथ्या दिवशी ताप उतरला, म्हणून तिच्या आईनं, माईनं, तिला मऊ भात भरवला आणि न्हाणीकडे न्यायला खाटेवरून खाली उतरवलं, तर पोर उभी राहता राहता उजवीकडे कलंडली. माईला वाटलं, अशक्तपणा असेल. तिनं पुन्हा उभी केली. पुन्हा तेच. उजवा पाय मांडीपासून खाली चिंध्यांच्या बाहुलीच्या पायासारखा लोंबत होता.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पायावरून वारं गेलं. थोरल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला पोलिओ असं नाव सांगितलं. "जीव वाचला हेच मोठं समजा," ते नंदिनीच्या वडिलांना म्हणाले. "मालिश चालू ठेवा. आणि काही झालं तरी पोरीला बसवून ठेवू नका."

नंदिनीचे वडील अंबादास शाळेत चित्रकला शिकवायचे. नंदिनी त्यांना दादा म्हणे. दादा मुळातच अबोल. त्या दिवसापासून ते आणखीच गप्प झाले. पण लेकीला त्यांनी बसवून ठेवलं नाही. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरापासून शाळेपर्यंत सायकलवर नेत आणि शेवटची दोनशे पावलं मात्र तिला चालायला लावत. लोखंडी पट्ट्यांचा बूट खडखडत असे आणि दादा सायकल हातात धरून तिच्या चालीनं चालत.

मालिशला गल्लीतलीच खैरुनबी येई. बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना तेल लावण्यात तिचा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. कोमट तिळेल घेऊन ती पाय मांडीवर घ्यायची आणि पायाशीच बोलायची. "काय रे बाबा, किती दिस झोपनार तू? ऊठ की आता." नंदिनीला हसू यायचं. दीड वर्षात मांडीत थोडा जीव आला. पिंढरी मात्र काठीसारखीच राहिली.

तिला खरा त्रास पायाचा नव्हता. गल्लीतली मुलं शिवाशिवी खेळताना तिलाही घेत, पण लिंबूटिंबू म्हणून. तिच्यावर राज्य येत नसे. ज्याच्यावर राज्य असे तो तिला हसून शिवल्यासारखं करी आणि पुढच्या क्षणी दुसऱ्यालाच पकडायला धावे. माया होती त्यात, तिला कळत होतं. तरी घरी येऊन ती बूट भिरकावून द्यायची.

१९५१च्या उन्हाळ्यात आक्का तिला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली. आक्का म्हणजे दादांची थोरली बहीण, नंदिनीची आत्या. पण घरात सगळेच तिला आक्का म्हणत, नंदिनीसुद्धा. तिशीच्या आतच तिचा नवरा गेला होता. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं पेढे-बर्फीचं दुकान होतं. आवाज असा की घाटावरून हाक मारली तर पलतीरावरचा माणूस वळून बघे. रोज पहाट फुटता फुटता ती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून कृष्णेत उतरायची, पार पलीकडे जाऊन यायची आणि मग दुकान उघडायची. दर पावसाळ्यात नदी जिथं दारापर्यंत येते, तिथं बाईमाणसाला पोहता येण्याचं कुणाला नवल नव्हतं.

पहिले दोन दिवस नंदिनी पायरीवर बसून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी आक्कानं तिचा बूट काढून पायरीवर ठेवला, पाठीला तुपाचा रिकामा, तोंड झाळून बंद केलेला डबा बांधला आणि विचारलं, "भ्या वाटतंय?"

"हो."

"वाटू दे. मी हाय की." आणि तिनं नंदिनीला उचलून पाण्यात सोडलं.

नाकातोंडात पाणी गेलं. नंदिनी खोकली, रडली, आक्काच्या गळ्यात पडली. आक्कानं तिला सोडवलं आणि पुन्हा सोडलं. दहाव्या-बाराव्या वेळी कधीतरी तिचं रडणं थांबलं. ती उताणी पडून राहिली होती. वर आभाळ होतं. तिनं मान उचलून बघितलं तर तिची दोन्ही पावलं पाण्यावर आली होती, एका रेषेत. जमिनीवर ओढावा लागणारा पाय इथं आपला आपण तरंगत होता. तिनं हात मारला. ती सरकली. दुसरा मारला. आणखी सरकली.

"आक्का, मी चालले!" ती ओरडली.

"चालली न्हवं, पवायला लागली!" आक्का म्हणाली.

महिन्याभरात डबा सुटला. पुढच्या वर्षी आक्कानं दुकान धाकट्या दिराच्या हवाली केलं आणि ती कोल्हापूरला भावाकडे राहायला आली. कुणी विचारलं तर म्हणायची, "भाचीला नदी दावायची हाय." मग रोज सकाळी आत्या-भाची पंचगंगेच्या घाटावर. नंदिनीचा उजवा पाय फार काम करत नव्हता, म्हणून सगळा भार हातांवर. बाराव्या वर्षी तिचे खांदे असे भरले की माईला तिच्या झंपरांच्या बाह्या उसवून पुन्हा शिवाव्या लागल्या.

१९५६च्या दिवाळीनंतर एका तालमीनं रंकाळ्यावर पोहण्याच्या शर्यती जाहीर केल्या. पलीकडच्या काठावरून निघायचं आणि राजघाटावर यायचं. पत्रकात शेवटी एक ओळ होती: बायकांची शर्यत, नावं आल्यास. दादांनी ती ओळ वाचली, पत्रक घडी करून खिशात घातलं आणि रात्री जेवताना नंदिनीच्या ताटाशेजारी ठेवलं.

माई म्हणाली, "चार लोकांसमोर? अर्ध्या चड्डीत?"

"चार कुठले, चार हजार येतील," आक्का म्हणाली. "आन् तू शिवणार हायस ती चड्डी. काळं कापड आण."

माईनं आक्काकडे बघितलं, मग नंदिनीकडे. दुसऱ्या दिवशी काळं कापड आणलं.

शर्यतीच्या सकाळी रंकाळ्यावर खरंच माणूस मावत नव्हता. तालमीचे पिराजी वस्ताद फेटा बांधून, वही घेऊन बसले होते. माणूस बोलायला रांगडा. त्यांनी नंदिनीचा बूट बघितला, मग तिचे खांदे बघितले.

"पाय अधू हाय व्हय पोरी?"

"हो. पण हात धड आहेत."

वस्ताद हसले. मग त्यांचं तोंड पडलं. "तुझी न्हाय अडचण. पर चार नावं झाल्याबिगर बायकांची शर्यत घ्यायची न्हाय, असं ठरलंय. तू एक, आन् सांगलीच्या ह्या दोघी बहिणी. झाल्या तीन. मी तरी काय करू?"

नंदिनीनं मागं बघितलं. सांगलीच्या दोघी, उंच, सडसडीत, तोंड बारीक करून उभ्या होत्या. दादा चष्मा पुसत होते. एवढ्यात आक्का पुढं झाली.

"लिवा चौथं नाव. द्वारकाबाई. राहणार वाडी."

"तुमी?" वस्तादांनी वर बघितलं. "वय काय बाई तुमचं?"

"पत्रकात वय लिवलंय का कुठं?"

वस्तादांनी पत्रक उलटंसुलटं करून बघितलं. लिहिलं नव्हतं. आजूबाजूला हशा पिकला. आक्का नंदिनीच्या कानात पुटपुटली, "घाबरू नकोस. नावापुरती उतरती. दहा-वीस हात मारून सोबतच्या नावेत बसते की."

वस्ताद चौघींना पलीकडच्या काठावर घेऊन गेले. बाकीच्या तिथल्या पायरीवरून सूर मारणार होत्या. नंदिनीला बुटाशिवाय एका पायावर तोल धरता येत नव्हता. वस्ताद म्हणाले, "तू बसून घे सूर." ती खालच्या पायरीवर बसली. शिट्टी झाली. सांगलीच्या दोघी बाणासारख्या गेल्या, आक्का धप्पकन पडली, आणि नंदिनी सगळ्यांच्या मागून पाण्यात शिरली.

पाणी गार होतं. पहिले पन्नास हात तिला फक्त समोरच्यांनी उडवलेला फेस दिसत होता. मग श्वास जुळला, हात लयीत पडले. मध्यावर वारा सुटला आणि लाटा तोंडावर येऊ लागल्या. सांगलीच्या मुली हौदात शिकलेल्या. त्यांना लाटांची सवय नव्हती. धाकटी थांबून पाणी थुंकू लागली. नंदिनी तिच्या बाजूनं पुढं गेली. थोड्या वेळानं थोरलीही मागं पडली.

आता आपणच पुढं, असं तिला वाटलं. काठावरचा गलका ऐकू येत होता. तिनं श्वासासाठी मान वळवली तर डाव्या हाताला, दोन हात पुढं, एक पांढरा अंबाडा पाणी कापत चालला होता. आक्का! ती सोबतच्या नावेत बसलीच नव्हती. कृष्णेच्या पुरात पोहणारी बाई. वारा, लाटा तिला घरच्यासारख्या.

नंदिनीनं होतं नव्हतं ते बळ हातांत आणलं. अंतर एक हात झालं. अर्धा झालं. खांदे पेटले होते. आक्कानं एकदाच वळून बघितलं, आणि नंदिनीला वाटलं की आता ती हात सैल सोडणार, हसणार, मला पुढं जाऊ देणार. आक्कानं दात खाऊन आणखी जोरात हात मारला.

राजघाटाच्या पायरीला आक्काचा हात आधी लागला. नंदिनीचा वीतभर मागून.

काठावर शिट्ट्या, आरोळ्या, फेटे उडत होते. खैरुनबी पदर तोंडाला लावून खदाखदा हसत होती. आक्का पायरीवर बसून धापा टाकत होती आणि तिचं तोंड चोरासारखं झालं होतं.

"नंदे, शप्पथ सांगते, नावेत बसनारच होते. नाव दिसलीबी. पर पाण्यात गेल्यावर माझं मलाच भान न्हाय राहिलं बघ. तुझा नंबर घालवला गं मी."

नंदिनी पाण्यातच होती. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी उसळत होतं. "शेवटी मला बघितलंस ना?" तिनं विचारलं. "मी जवळ आलेली बघितलीस?"

"बघितली की. म्हणून तर जोर केला. न्हायतर गेली असतीस पुढं."

नंदिनी हसायला लागली. हसता हसता पाणी प्याली, खोकली, पुन्हा हसली. आक्काला काही कळेना. दादांना मात्र कळलं असावं. ते पँट भिजवत दोन पायऱ्या खाली उतरले, लेकीच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "वीतभर राहिलं होतं. पुढच्या वर्षी भरून काढ." एवढं लांबलचक ते पुष्कळ दिवसांत बोलले नव्हते.

आक्काला चांदीचा पेला मिळाला. वस्तादांनी तिच्या हातात पेला देताना वाकून नमस्कार केला. सांगलीच्या मुली तिला पुरात पोहण्याबद्दल विचारत बसल्या.

पुढचं वर्ष आत्या आणि भाची यांनी एकमेकींना सोडलं नाही. पंचगंगेवर रोज सकाळी पलतीरापर्यंत चढाओढ. आक्का हरली की कुरकुरायची, पाणीच गढूळ होतं, लुगडंच ओलं होऊन जड झालं, काय नि काय. जिंकली की दिवसभर सगळ्यांना सांगत सुटायची. १९५७च्या हिवाळ्यात तालमीनं पुन्हा शर्यत घेतली, तेव्हा बायकांची नऊ नावं आली. आक्काचं त्यात होतंच. नंदिनीनं तिला चार हातांनी मागं टाकलं. त्या दिवशी आक्का कुरकुरली नाही, गुळाचा खडा आणून तिनं भाचीच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "आता माझ्यासंगं नको. मोठ्या पाण्यात जा."

मोठं पाणी म्हणजे पुणं. पुढच्या मे महिन्यात दादा आणि आक्का तिला तिथल्या शर्यतीला रेल्वेनं घेऊन गेले. तिथं बांधीव हौद होता, पाण्याला औषधाचा वास होता आणि तळाची फरशी दिसत होती. "ह्यात मासा कसा जगायचा?" आक्कानं मोठ्यानं विचारलं आणि चारजण वळून बघू लागले. बूट काढून नंदिनी काठावर बसली, तेव्हा पंच एकमेकांत कुजबुजले. एकानं येऊन सांगितलं, पाण्यात उतरून, काठ धरून निघालात तरी चालेल. ती उतरली. शेजारच्या मुली काठावरून उडी मारून पुढं गेल्या आणि ती नेहमीसारखी शेवटून निघाली.

आठ फेऱ्या होत्या. पाचव्या फेरीला ती तिसरी होती, सातव्याला दुसरी. शेवटच्या फेरीत काठावरून एक आवाज आला, सगळ्या गलक्यावर चढलेला, कृष्णेच्या पलतीरापर्यंत जाणारा: "हात मार की गं! सोडतीस काय तिला!" तिनं सोडलं नाही. काठाला हात लागला तेव्हा शेजारच्या रांगेत अजून कुणी पोचलं नव्हतं. दादा हौदाच्या काठी खाली बसले होते, आणि चष्मा हातात असल्यामुळे त्यांना निकाल नीटसा दिसलाच नव्हता. "पहिली?" ते पुन्हा पुन्हा आक्काला विचारत होते. "पहिली का?"

मॅट्रिकनंतर नंदिनीनं पेठेतल्या मुलींना शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी पाचजणी आल्या, महिन्याभरात अठरा झाल्या. एका सकाळी धोंडुबाई नावाची बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन घाटावर आली. पायरीवर ठेवलेला लोखंडी बूट बघून ती बिचकली.

"तुमच्याच पायाला असं, बाई? मग पोरींला तुमी शिकवता कशा?"

"पाण्यात उतरल्यावर दाखवते," नंदिनी म्हणाली. "तुम्हीही या ना. काष्टा घट्ट मारा."

धोंडुबाई मागं सरली, लाजली, आजूबाजूला बघितलं. वरच्या पायरीवरून आक्का गरजली, "उतर की बाई! काय बघतीस!" तेव्हा ती पदर खोचत खोचत खाली आली, आणि नंदिनीनं पाण्यातून तिच्यापुढं दोन्ही हात केले.