तात्पुरतं माझ्याच नावावर

औषधांच्या एका मोठ्या गोदामात सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. शीतगृहांचं तापमान, मालाच्या नोंदी, बिलं, सगळं ज्या यंत्रांवर चालतं ती यंत्रं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक प्रोग्राम आहे, आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. एखादं यंत्र बंद पडलं की तो मला फोनवर कळवतो. पण प्रत्येक यंत्रात डोकावायचं तर त्याला कुणाचं तरी नाव आणि पासवर्ड लागतो, आणि पहिल्या दिवसापासून ते नाव माझं आहे. "तात्पुरतं तुमचं टाका," असं साहेब म्हणाले होते. आमच्या ऑफिसात तात्पुरतं म्हणजे निवृत्तीपर्यंत.

त्या दिवशी मला बाराच्या आत निघायचं होतं. दुपारी ताईचं ऑपरेशन होतं, पोटातली गाठ काढायची होती. तुला आत न्यायच्या आधी मी तिथे असेन, असं मी तिला आदल्या दिवशी पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्हा दोघींना आता तिसरं कुणी नाही. ती नुसतं "बरं" म्हणाली.

रजा मंजूर होती. फक्त सकाळी तासभर येऊन हातातलं काम आवरायचं होतं. खुर्चीत बसते न बसते तोच संगणकाने बजावलं की पासवर्डची मुदत संपली, नवीन टाका. टाकला, आणि तिथेच घोडं अडलं. मी पासवर्ड बदलला हे पहारेकऱ्याला कुठे ठाऊक? मी त्याची खिडकी उघडेपर्यंत तो जुनाच पासवर्ड घेऊन दारोदार फिरून आला. माझ्या नावाने इतक्यांदा चुकीचा पासवर्ड आल्यावर यंत्रणेने माझं खातंच बंद करून टाकलं. आता पहारेकऱ्याला शहाणं करायला मी आत जायला हवं, आणि त्याच्याच कृपेने मी बाहेर. तसंच सोडून निघावं तर शीतगृहं बिघडली तरी कुणाला पत्ता लागला नसता, आणि आत औषधं होती. कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी होता. तोही मारून घेतला.

खातं उघडून द्यायचा अधिकार एकट्या साहेबांना. साहेब मीटिंगमध्ये. मी काचेच्या दाराबाहेर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा समोरच्या पडद्याकडे वळले. शेवटी मी दार ढकलून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"साहेब, माझं खातं पुन्हा अडकलंय."

"मग नेहमीचंच करायचं," ते उठत म्हणाले. "मी उघडून देतो, तुम्ही नवा पासवर्ड भरा. झालं."

"त्यापेक्षा पहारेकऱ्याला स्वतःचं खातं द्या ना. माझा अर्ज वर्षभर तुमच्या सहीसाठी पडून आहे."

"अहो, म्हणजे सुरक्षा विभाग आला, मंजुरी आली, पन्नास प्रश्न आले. चाललंय ते चालू दे. तुम्ही आहातच की."

"मी आज नाहीये. उद्याही नाहीये. बहिणीचं ऑपरेशन आहे."

"हो, हो, जा ना तुम्ही. फोनवर असालच."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी त्यांना माझ्या टेबलाशी घेऊन आले. त्यांनी खातं उघडून दिलं. मी आत शिरते तोवर पहारेकऱ्याने फेरी मारली आणि खातं पुन्हा बंद. त्यांनी परत उघडलं. परत बंद. तिसऱ्या खेपेला मात्र मी त्याच्याआधी पोचले, पहारेकऱ्याला थांबवलं आणि तो कुणाच्या नावाने आत शिरणार हे विचारणारी लॉगऑनची खिडकी उघडली. समोर दोन रकाने, एक नावाचा, एक पासवर्डचा. मी खुर्चीतून उठले.

"तुमचं नाव टाका, साहेब."

"माझं? माझं कशाला?"

"तुम्ही आहातच की."

शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस खोकला. साहेबांना मागे हटता येईना. ते बसले, मला तोंड फिरवायला लावलं आणि एकेका बोटाने पासवर्ड टंकला. पडद्यावर उमटलं, या खात्याला सेवा म्हणून लॉगऑन करण्याचा हक्क देण्यात आला आहे. सेवेचा हक्क म्हणे! इतकी वर्षं तो हक्क मी बजावत होते आणि मला कुणी सांगितलंही नाही.

"आता हे अडकलं तर खातं कुणाचं बंद होणार?" साहेबांनी विचारलं.

"ज्याचं नाव त्याचं."

"माझी मेल?"

"बंद."

"आणि पगारपत्रकावरच्या सह्या?"

"सगळंच बंद. मला होतं तसं."

साहेबांनी सावकाश फोन उचलला आणि सुरक्षा विभागाला लावला. पन्नास प्रश्न वगैरे काही आले नाहीत, दोनच आले. थोड्या वेळात पहारेकऱ्याचं स्वतःचं खातं तयार झालं. मी त्याचं नाव भरलं, पासवर्ड भरला, त्याला पुन्हा चालू केलं आणि सगळी यंत्रं हिरवी दिसल्यावर पर्स उचलली. सूचना आता साहेबांच्या फोनवर जाणार होत्या, तसं त्यांना सांगितलंही. माझं नाव तिथे कुठेच उरलं नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

इस्पितळात पोचले तेव्हा ताई हिरवा अंगरखा घालून पलंगावर बसली होती. पोचले एकदाची. तिच्या उशाशी तिची शेजारीण होती, मांडीवर पिशवी, पायाशी पाण्याची बाटली. ताई मला बघून खरोखर चकित झाली.

"आलीस?"

"येणार म्हटलं होतं ना."

तेवढ्यात नर्स आली. "पेशंटबरोबर कोण थांबणार?"

"मी," मी आणि शेजारीण एकदमच म्हणालो.

नर्सने ताईकडे पाहिलं. "या थांबतील," ताईने शेजारणीकडे बोट दाखवलं. "हिला ऑफिसातून बोलावणं येतं." आवाजात टोमणा नव्हता. माझं शिक्षण सांगावं तितक्या साधेपणाने तिने ते सांगितलं.

"आज नाही येणार, ताई. तिथून नाव काढून आलेय मी."

"बरं," ती म्हणाली. मग चष्मा काढून मिटला. मी हात पुढे केला होता. तिने चष्मा शेजारणीच्या हातात दिला, आणि नर्स ताईला घेऊन गेली.

माझा हात तसाच होता. मला राग आला, आणि आता तो काढायला साहेबही समोर नव्हते. "द्या तो चष्मा माझ्याकडे," मी म्हणाले.

शेजारीण भली बाई. तिने चष्मा रुमालात नीट गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. "असू दे," ती म्हणाली, "शुद्धीवर आल्या की लगेच मागतील. तेव्हा तुम्ही नसलात तर?"