रिकामी दोन आवर्तनं

ड्रम थांबला तशी वर्लीनबाईंनी घाईने सुई उचलली. रेकॉर्ड मुकाट्याने फिरत राहिली.

"हाच तुकडा हवाय तुला?"

"हाच, मिस वर्लीन," किशा म्हणाली.

"अख्ख्या रेकॉर्डमध्ये तुला नेमकी माझी चूकच सापडली होय गं?"

रविवारची दुपार होती. चर्चमधून दोघी थेट क्वीन्स भागातल्या बाईंच्या स्वयंपाकघरात आल्या होत्या, आणि बाईंच्या डोक्यावर जांभळी हॅट तशीच होती. टेबलावर जुन्या रेकॉर्डीतला तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवणारं किशाचं बटणांचं यंत्र होतं, शेजारी परवानगीचा कागद. दुसऱ्याच्या रेकॉर्डीतला तुकडा न विचारता गाण्यात घालायचा नाही, असा कोर्टाचा निकाल आल्यापासून असा कागद असल्याशिवाय कोणतीही कंपनी गाणं काढेना. रेकॉर्ड बाईंच्या नवऱ्याने, आल्व्हेस्टरने, स्वतःच काढलेली. तो गेल्यावर हक्क बाईंचा. आणि हा तुकडा घालून किशाने केलेलं गाणं हे तिचं कंपनीने पसंत केलेलं पहिलंच.

"हिच्यावर नाव कसं नाही?" बाईंनी रेकॉर्डच्या कोऱ्या मध्यावर बोट ठेवलं.

"कुणीतरी गरम पाण्यात भिजवून लेबल काढलंय. आम्हा तुकडे शोधणाऱ्यांत तशी रीतच आहे. चांगला तुकडा सापडला की नाव काढून टाकायचं, दुसऱ्याला पत्ता लागू नये म्हणून."

"म्हणजे ज्याने वाजवलं त्याचंच नाव धुऊन टाकता. छान शिकवलंय तुम्हाला."

किशाने मान खाली घातली. "म्हणूनच तीन महिने विचारत फिरले. शेवटी आपल्या चर्चमधल्या पर्व्हिस आजोबांनी त्यातली बास गिटार ऐकली नि म्हणाले, ही तर आल्व्हेस्टरची बोटं. त्याची बायको दर रविवारी तुझ्या पुढच्याच बाकावर बसते."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"मग नीट ऐक. एकाहत्तर साल. स्टुडिओ आम्हाला एकाच दुपारपुरता मिळालेला. ड्रम थांबला की मी पियानोवर यायचं, असं ठरलं होतं. मी आलेच नाही. दोन आवर्तनं बिचारा आल्व्हेस्टर एकटा बास वाजवत राहिला. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, तेच छापलं गेलं. परतताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. पुढे आठ वर्षं जगला, पण तो विषय काही त्याने काढला नाही. त्यानंतर मी कुठल्या बँडबरोबर बसले नाही. आता ते भोक तू जगाला फिरवून फिरवून ऐकवणार?"

"आम्हाला भोकच लागतं, मिस वर्लीन." किशा पुढे सरकली. "सगळे एकदम वाजवत असले तर त्यातून एकट्याला वेगळं काढता येत नाही. शेकडो रेकॉर्डी चाळल्या मी. जो तो वाजवायला उतावीळ. बाकीच्यांनी गप्प बसून एकाला वाजवू दिलंय, अशी दोन आवर्तनं मिळता मिळत नाहीत."

"वाजवू बिजवू दिलं नाही. विसरले मी." बाई म्हणाल्या. "त्याचं ऐकत बसले. त्या दिवशी असा वाजवत होता की आपल्याला हात आहेत हेच मी विसरले. हे त्याला सांगायचं राहूनच गेलं."

किशाने कागद बाजूला सारला.

"सहीचं नंतर बघू. मला एक विचारायचंय. हा तुकडा बसवताना मी चार-पाचशे वेळा तरी ऐकला असेल. बासच्या खाली कुणीतरी बोलतंय. ते काढू की ठेवू, तेवढं सांगा."

"कोण बोलणार तिथे?"

"तुम्हीच ऐका."

बाईंनी हॅट काढून ठेवली आणि हेडफोन कानांवर चढवले. बावीस वर्षांत त्या इथून पुढे कधी गेल्या नव्हत्या. सुई दर वेळी याच जागी उचलली जायची.

किशाने बटण दाबलं. आधी नुसता बास, जाड तारेवर घासणारं बोट. मग त्याच्या खालून, ओठांतल्या ओठांत, आल्व्हेस्टर.

"दमानं, वर्ली. मी आहे."

तुकडा संपला नि पुन्हा सुरू झाला. दमानं, वर्ली. मी आहे. आवाजात राग नव्हता. उलट जरा हसूच होतं, पोरांना झोपवून बायकोशी बोलताना असायचं तसं.

बाईंनी डोळे मिटले. बावीस वर्षं उगाच, एवढंच त्यांच्या मनात आलं. मग रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

बऱ्याच वेळाने किशाने हळूच त्यांच्या कोपराला हात लावला.

"काढू?"

"हात लावून तर बघ."

हेडफोन न काढताच त्यांनी कागद ओढून सही केली. कागदावर त्याचं नाव टाइप केलेलं होतं, ते एकदा वाचून घेतलं.

"हे असं किती वेळ वाजत राहतं?"

"आपण बंद करेपर्यंत."

"मग बस जरा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच आवाज वाढवला.