बोलका अबोला

निजामाचं राज होतं तवाची गोष्ट. आमच्या कुरुंद्यात तातेरावानं एकदा बायकोच्या कढीला पिवळं पाणी म्हटलं. चतुराबाईनं त्या दिवसापासून नवऱ्याशी अबोला धरला. आता अबोला म्हणजे तोंड बंद, असं समजू नका. आमी शेजारी, दिवसभर त्यांचं बोलणं ऐकायचो. फकस्त समदं गायीच्या मारफत.

"कपिले, त्यांना म्हणावं, पाणी तापलंय."

"कपिले, तिला इचार, धोतर कुठं ठिवलं."

गाय आपली रवंथ करून राहिली.

अशात त्यांच्या लेकीला, मनकर्णेला बघायला आखाडा बाळापूरचा उत्तमराव येणार, असं ठरलं. पोराचा बाप. स्थळ चांगलं. तातेराव आदल्या दिशी मला म्हणला, "हिनं उद्या बी गायीला सांगितलं, तर पाव्हणा म्हणंल भांडखोर घर हाये. सोयरीक मोडंल."

"मंग तिला सांग की तसं."

"कसं सांगू? अबोला हाये ना."

पाव्हणा आला, ओसरीवर बसला. मी होतो, अन् शेजारच्या खतीजाबीचा पोरगा जलालुद्दीन, हैद्राबादला कॉलेजात शिकणारा. चतुराबाई चहा घेऊन आली अन् सवयीनं गोठ्याकडं बघून म्हणली, "कपिले, त्यांना सांग, आधी पाव्हण्याला द्या."

"कपिले, म्हणावं, मला कळतं तेवढं," तातेराव म्हणून गेला. मंग त्याचं तोंड पडलं.

उत्तमरावानं गायीकडं बघितलं, मंग दोघांकडं. "हे काय हो?"

जलालुद्दीन म्हणला, "चाचा, अंग्रेजीत याला लफ्ज हाये. ऑक्सिमोरॉन."

"बिमारी हाये का?"

"न्हाई. एकमेकाच्या उलट दोन शब्द एका जुवाला जुंपायचे. जसं बोलका अबोला. ऐकायला उफराटं, पर खरं."

उत्तमरावानं बशी खाली ठिवली. "आमच्या घरी बी तेच हाये," तो म्हणला. "आमचं भिताडाच्या मारफत चालतं. येणाऱ्या सुनेला काय वाटंल, याचाच मला घोर होता. तुमच्या लेकीला तर सवय हाये." मंग गायीकडं बघून म्हणला, "तुमचं बरं हाये. भिताड मान बी हलवत न्हाई."

सोयरीक ठरली. चतुराबाईनं साखर आणली. पाव्हण्याच्या हातावर चिमूटभर, नवऱ्याच्या हातावर मूठभर. तोंड मातर गोठ्याकडंच.

"कपिले, त्यांना म्हणावं, जेवायला कढी हाये."

"कपिले," तातेराव साखर चघळत म्हणला, "दोन वाट्या म्हणावं."