भिंगरीला हाक मारा

मित्रांनो, आधी एक विनंती. मला बोटाने टकटक करू नका आणि माझ्या तोंडावर फुंकर तर अजिबात मारू नका. माईक दिसला की माणसांना काय होतं कोण जाणे! आधी फुंकणार, मग "हॅलो, हॅलो" करणार, आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू आला म्हणून खूश होणार. जन्मभर मी हे सोसलं. आता मी म्हातारा झालो आहे. एका मोठ्या बसस्थानकाच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्चीवर पडून असतो. माझी वायर उंदरांनी कुरतडली आहे आणि जाळीत धूळ साचली आहे. पण म्हाताऱ्या माईकलाही थोडाफार मान असतो की नाही?

माझा जन्म कारखान्यात झाला. जाळीदार तोंड, हवी तशी वाकणारी मान आणि जड लोखंडी बूड. माझ्या आत एक पातळ पडदा आहे. तो बसवताना कारखान्यातल्या बाईंनी श्वास रोखून धरला होता, इतका तो नाजूक. कुणी बोललं की हा पडदा थरथरतो आणि ती थरथर वायरीतून बाहेरच्या कर्ण्यांपर्यंत जाते. एवढंच माझं काम, पण मी ते इमानेइतबारे केलं.

मला स्थानकाच्या सूचना-खोलीत टेबलावर बसवलं. समोर मोठी काच होती. काचेतून फलाट दिसायचे, प्रवाशांची बाकं, चहाचा ठेला आणि शेजारची चौकशीची खिडकी दिसायची. सुरुवातीला माझ्यात बोलणारे कारकून झोपेतून उठवल्यासारखे बोलायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, याचा प्रवाशांना शेवटपर्यंत पत्ता लागत नसे. मला तर जांभया यायच्या.

मग एके दिवशी ती आली.

दूरच्या डोंगरातल्या एका छोट्या गावातून आली होती. घरी तिला भिंगरी म्हणायचे, कारण एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. त्यांच्याकडच्या बोलण्याला एक हेल होता. शब्दाचं शेवटचं अक्षर लांबवायचं, वर न्यायचं आणि अलगद सोडून द्यायचं. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक पोचवायची, तर असंच बोलावं लागतं म्हणे. तिने पहिली सूचना दिली, "गाडी लागलीऽऽ, चला, बसून घ्याऽऽ!" काय सांगू मित्रांनो, माझा पडदा त्या दिवशी नुसता नाचला. इतकी वर्षं मी आवाज पोचवत होतो, पण प्रवाशांना कुणी असं घरच्यासारखं बोलावलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आणि सगळं स्थानक हसलं.

कॉलेजची मुलं तर काचेपाशी येऊन तिची नक्कल करू लागली. "चला, बसून घ्याऽऽ!" म्हणायचं आणि खी खी करायचं. कुणीतरी तक्रार केली, की ही काय बाजारात भाजी विकतेय का? तेव्हा स्थानकप्रमुख साहेब सूचना-खोलीत आले.

"हे बघ, आवाज चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "पण हा हेल काढायचा नाही. लोक गाडीचं नाव ऐकायचं सोडून हसत बसतात."

"पण साहेब, आमच्याकडे सगळे असंच बोलतातऽ."

"मग तुमच्याकडे बोल ना. इथे नको."

बिचारे साहेब वाईट नव्हते. आवाज खाली आणून म्हणाले, "मीसुद्धा लांबूनच आलोय. माझं बोलणंही असंच काहीतरी होतं. जातं ते हळूहळू."

"मग तुम्ही घरी गेल्यावर कसं बोलता?" भिंगरीने विचारलं.

साहेबांनी टेबलावरचा फोन उचलला. फोन वाजलेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी कामाला लागली. भर दुपारी स्थानक सुस्त असलं की माझं बटण बंद करायची आणि दातांत पेन्सिल धरून वाक्यं घोकायची. "शब्दाचं शेपूट छाटायचं," असं ती स्वतःला बजावायची. एखादं शेपूट चुकून राहिलंच, तर स्वतःच्याच हातावर चापट मारून घ्यायची. बटण बंद असलं तरी मला ऐकू येतंच. रोज थोडं थोडं शेपूट कमी होत गेलं. मला वाईट वाटलं नाही, उलट अभिमानच वाटला. पोरगी शिकतेय, पुढे जातेय, असंच मी म्हणत होतो.

आणि खरोखर ती पुढे गेली! काय तिचा आवाज झाला! स्वच्छ, मोजका, काचेसारखा. "कृपया लक्ष द्या" म्हटलं की रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. प्रवासी काचेपाशी यायचे ते आता हा आवाज कुणाचा आहे हे बघायला यायचे. तिला बक्षीस मिळालं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी म्हणे सून बघायच्या आधी स्थानकावर बसून तिचा आवाजच पसंत केला होता. पुढे मुलगा झाला, त्यालाही तिने पहिल्यापासून स्वच्छ बोलायला शिकवलं. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. भिंगरी हे नाव स्थानकात कुणाला माहीतही नव्हतं.

माहीत होतं ते तिच्या आईला. आई गावाकडून फोन करायची. पहिल्यांदा फोन आला तेव्हा मॅडमनी सवयीने म्हटलं, "नमस्कार, सूचना कक्ष." पलीकडून आवाज आला, "बाई, जरा आमच्या भिंगरीला बोलवता काऽ?"

"अगं आई, मीच आहे!"

"अगंबाईऽ! मला वाटलं, कुणी मोठी साहेबीणच बोलतेय!"

दोघी खूप हसल्या. मग क्षणात मॅडमची भिंगरी झाली आणि हेल काढून अर्धा तास बडबडली. पुढे तो क्षण लांबत गेला. आधी दोन-चार वाक्यं स्वच्छ निघायची, मग हेल यायचा. नंतर नंतर तर फोन ठेवायची वेळ आली तरी यायचा नाही. आई विचारायची, "तुला बरं नाही का गं? अशी परक्यासारखी का बोलतेस?"

एकदा आई न कळवता आली. चौकशीच्या खिडकीशी उभी राहून तिने मोठ्याने विचारलं, "आमची भिंगरी कुठे बसतेऽऽ?" बाकांवरच्या पोरांना आयतंच सापडलं. "भिंगरी कुठे बसतेऽऽ!" म्हणून त्यांनी कोरस धरला. आईला आधी वाटलं, ही मुलं आपल्यासाठी भिंगरीला शोधताहेत. ती त्यांच्याकडे बघून हसली. मग तिला कळलं. ती शाल डोक्यावरून ओढून घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काचेआडून मॅडमनी हे सगळं पाहिलं. त्या लगेच उठल्या नाहीत. पोरं निघून गेल्यावर गेल्या.

त्यानंतर आई शहरात आली की चारचौघांत तोंड उघडत नसे. मग तिचं येणंच कमी झालं. वर्षं गेली. आईला विसर पडू लागला. आधी वार विसरली, मग वाटा, मग चेहरे. गावाकडचा मुलगा, म्हणजे मॅडमचा भाऊ, समोर उभा राहिला तरी ओळखायची नाही, पण तो बोलला की लगेच म्हणायची, "आलास काऽ?" डोळ्यांनी साथ सोडली होती, कानांनी अजून सोडली नव्हती. मॅडम हे आता निवृत्तीला आलेल्या साहेबांना सांगताना म्हणाल्या, "तिला इकडे घेऊन येते. माझ्याजवळ राहील. मला ओळखेल ना हो ती?"

साहेब म्हणाले, "आई आहे. ओळखेल."

भावाने आईला गाडीत बसवून दिलं आणि कंडक्टरच्या हवाली केलं. मॅडम तिला फलाटावर घ्यायला जाणार होत्या. पण त्याच दिवशी सुट्ट्या लागल्या होत्या, स्थानकात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि घाटात एक गाडी बंद पडल्यामुळे सगळं वेळापत्रक कोलमडलं होतं. एकामागून एक सूचना द्याव्या लागत होत्या. माझ्यासमोरून उठायला त्यांना जरा उशीर झाला. तेवढ्यात कंडक्टरच धावत आला.

"मॅडम, आई आल्या का तुमच्याकडे? इथेच थांबा म्हटलं, सामान उतरवून वळून बघतो तर नाहीत!"

मॅडम सगळे फलाट पालथे घालून परत आल्या. गर्दीने काच झाकून गेली होती, चहाचा ठेलासुद्धा दिसत नव्हता. त्यांना धाप लागली होती. साहेब म्हणाले, "तू इथून हाक मार, आम्ही शोधतो. तुझा आवाज कानाकोपऱ्यात पोचतो."

त्यांनी बटण दाबलं. "कृपया लक्ष द्या. हिरवी शाल पांघरलेल्या, हातात कापडी पिशवी असलेल्या वृद्ध महिलेने कृपया सूचना-कक्षाजवळ यावे. त्यांची मुलगी त्यांची वाट पाहत आहे." आवाज नेहमीसारखाच, जराही हलला नाही. पुन्हा तीच सूचना दिली, मग आणखी एकदा. कुणी आलं नाही.

साहेब दारातून ओरडले, "अगं, तिला हा आवाज कसा कळणार? तुमच्या पद्धतीने हाक मार! नियम गेले खड्ड्यात!"

मॅडमनी डोळे मिटले. तोंड उघडलं, आणि बराच वेळ काही आलंच नाही. मग त्या म्हणाल्या, "आईऽऽ, इकडे येऽऽ! मी भिंगरी बोलतेयऽऽ!"

मित्रांनो, माणसांना कदाचित कळलं नसेल, पण मला कळलं. हेल होता, पण तो मापून लावलेला होता. काचेपाशी येऊन ती कॉलेजची मुलं जसा काढायची ना, थेट तसा. मॅडमनाही ते ऐकू आलं. त्यांनी घाईघाईने पुन्हा हाक मारली आणि ती आणखीच खोटी निघाली. बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग शेजारचा हसला, मग बाकं हसू लागली.

थोड्या वेळाने चहावाला आला. त्याचा चेहरा पडला होता.

"मॅडम, त्या तुमच्या आई होत्या? माझ्या ठेल्याशीच बसल्या होत्या हो, कर्ण्याच्या खाली! मी म्हटलं, आजी, तुम्हालाच बोलावताहेत. तर म्हणाल्या, छे रे, ही कुणी मोठी बाई आहे. माझी पोर हाक मारेल तेव्हा उठेन."

"मग?"

"मग तुम्ही तसं बोललात... आणि लोक हसले. आजींनी शाल डोक्यावर घेतली. म्हणाल्या, चिडवताहेत रे मला. इतकी म्हातारी झाले तरी सोडत नाहीत. आणि उठून गेल्या. मला गिऱ्हाईक होतं हो, नाहीतर..."

मॅडमनी माझं बटण बंद केलं.

आई कंडक्टरलाच सापडली. गावाकडे परत जाणाऱ्या गाडीत सगळ्यात मागच्या बाकावर अंग चोरून बसली होती. तो तिला हाताला धरून सूचना-खोलीत घेऊन आला. मॅडमनी धावत जाऊन तिला मिठी मारली. "आई, मी भिंगरी! अगं, मी आहे!"

म्हातारीने त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग हळूच, कुणाला राग येऊ नये अशा बेताने म्हणाली, "नका हो बाई चेष्टा करू. आमची भिंगरी अशी नाही बोलत."

मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन तिला जरा धीर आला. तिने मला पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

"बाई, याच्यातून तुम्ही हाका मारता ना? माझी मुलगी इथेच कुठेतरी कामाला आहे. भिंगरी नाव तिचं. बडबडी आहे फार. तिला जरा हाक मारता काऽ? तुमचं सगळे ऐकतात. तुम्ही बोलावलं की येईल ती पळत."

खोलीत साहेब होते, कंडक्टर होता, चहावाला होता. कुणी हललं नाही. मॅडम माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी बटण दाबलं.

"कृपया लक्ष द्या. भिंगरी, तू जिथे असशील तिथून सूचना-कक्षाजवळ ये. तुझी आई तुझी वाट पाहत आहे."

दुसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी वाक्य पूर्ण केलं. मी ते सगळ्या फलाटांवर पोचवलं. या वेळी कुणी हसलं नाही. आई दाराकडे बघत बसली.

"येईल," ती मॅडमची समजूत काढत म्हणाली. "लांब गेली असेल. रडू नका हो बाई, तुम्ही कशाला रडता?"

पुढे सूचना द्यायला यंत्र आलं. मॅडमचा स्वच्छ आवाज त्यात भरून घेतला आणि मला इथे आणून टाकलं. त्या आता नोकरीत नाहीत, आई तर केव्हाच गेली, पण मॅडमचा आवाज अजून दिवसभर फलाटांवर घुमतो. भिंगरीचा आवाज मात्र कुठेच नाही. मी तो रोज ऐकला, पण मी पडलो माईक. माझ्यातून आवाज जातो, राहत नाही.

मला दुरुस्त करा, पुसून ठेवा, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझं झालं गेलं. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कधीतरी एखादी नवी मुलगी येईल. ती तोंड उघडेल आणि तिचं बोलणं तुमच्यासारखं नसेल. तुम्हाला हसू येईल, येणारच. तुम्ही हसाल आणि मधल्या सुट्टीपर्यंत विसरूनही जाल. ती विसरणार नाही, ती त्या दिवसापासून बदलायला लागेल. म्हणून हसायच्या आधी एवढंच आठवा, की तिची आई तिला त्याच आवाजावरून ओळखते.