साइटवरचा जावई

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. काँक्रीटची पहिली गाडी फाटकातून आत येऊन आपला ढोल फिरवत उभी होती. पंपाचा लांब हात स्लॅबवर पोचला होता. मुकादम खूण करणार, तेवढ्यात बाईंच्या खिशातला फोन वाजला. पलीकडे माणूस नव्हता. साइटवर बसवलेल्या यंत्रणेचा निरोप होता: पूर्वेकडच्या गॅलरीत वरच्या सळ्या नकाशातल्या उंचीपेक्षा खाली दिसतात. खात्री एकाहत्तर टक्के.

बाईंनी हात वर केला. पंपवाल्याने पंप बंद केला आणि वीसेक माणसं त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

बाई म्हणजे या शाळेच्या इमारतीच्या साइट इंजिनिअर. वय छप्पन्न, नोकरीची एकतीस वर्षं. या काळात त्यांनी एक दवाखाना, दोन पाण्याच्या टाक्या, एक बसस्थानक आणि माणसं राहतात अशा कितीतरी इमारती उभ्या केल्या होत्या. त्यातल्या एकाही इमारतीवर त्यांचं नाव नव्हतं, आणि ते असायला हवं होतं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. मुकादम त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं होता. दोघांचं भांडण रोज व्हायचं आणि रोज दुपारच्या चहाला मिटायचं.

यंत्रणा आली त्याला चार महिने झाले होते. मुख्य कार्यालयातून तरुण मॅनेजर स्वतः घेऊन आला. चार खांबांवर कॅमेरे लागले, बाईंच्या हेल्मेटवर एक लागला, आणि यंत्रणेच्या संगणकासाठी म्हणून केबिनमध्ये गार हवेचं यंत्र बसलं. बाईंसाठी ते एकतीस वर्षांत कुणी बसवलं नव्हतं. मॅनेजरने समजावून सांगितलं की ही एआय आहे, रोजची छायाचित्रं नकाशाशी ताडून बघते, कुठे काय चुकलं ते सांगते, माल कधी मागवायचा तेही सांगते. मुकादमाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की थाटामाटात यायचं, थंड खोलीत बसायचं, काडी उचलायची नाही आणि प्रत्येकात खोड काढायची, म्हणजे हा जावईच झाला. त्या दिवसापासून यंत्रणेला सगळे जावई म्हणू लागले. पुढे मॅनेजरच्या तोंडीही तेच नाव बसलं.

सुरुवातीला जावयाने भरपूर करमणूक केली. पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्याला त्याने सिमेंटची गोणी ठरवलं आणि ही गोणी दर दोन तासांनी जागा का बदलते, याचा खुलासा मागितला. मुकादमाचा वाळत घातलेला पंचा त्याला भिंतीला पडलेली भेग वाटला. पण हळूहळू तो शिकला. एक दिवस त्याने दोन खांबांमधलं अंतर पाऊण इंच चुकल्याचं सांगितलं. बाईंनी टेप लावली. खरंच पाऊण इंच होतं. त्या संध्याकाळी बाई ते मनात घोळवत घरी गेल्या. जे ओळखायला त्यांना दहा वर्षं लागली होती, ते याला दहा आठवड्यांत जमत होतं. आपली नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत, ती तरी पुरी होतील का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. रोजचा अहवाल जावई लिहायचा. किती मजूर आले, किती माल लागला, कुठे काम अडलं, हे सगळं लिहिण्यात एकतीस वर्षं त्यांच्या संध्याकाळी गेल्या होत्या. आता त्या फक्त वाचून सही करत. स्लॅबच्या आदल्या दिवशी तर पाच वाजताच सगळं आटपलं. गॅलरीतल्या सळ्या त्यांनी तीन वाजता एकेक तपासल्या होत्या. वायरमनचं नळ्या टाकण्याचं काम तेवढं चालू होतं. बाईंनी वर एकदा बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि घरी निघाल्या.

साडेपाचला त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा नवरा शेजारच्या तिघांबरोबर पत्ते खेळत होता. तो पोस्टातून निवृत्त झालेला. बायको साडेआठच्या आधी घरी येत नाही, हे त्याच्या दृष्टीने सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं ठरलेलं होतं. तो हातातले पत्ते तसेच धरून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, काढलं का तुला?"

बाई इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावरच बसावं लागलं. मग शेजाऱ्यांनी त्यांनाही डावात घेतलं. त्या दोन डाव हरल्या, तिसरा जिंकल्या. नंतर नवरा-बायको फिरायला गेले. आपली गल्ली दिवसाउजेडी कशी दिसते हे बाई विसरूनच गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या घराने निळा रंग लावला होता. तो लावून तीन वर्षं झाली, असं नवऱ्याने सांगितलं.

आणि आता सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जावई म्हणत होता की सळ्या खाली आहेत.

मुकादम वैतागला. काल बाईंनी स्वतः तपासून सही केली, आणि हा एकाहत्तर टक्क्यांचा शहाणा आज गाडी दारात उभी करून ठेवतो, अशी त्याची तक्रार होती. फोनवर मॅनेजरही तेच म्हणत होता. कमी खात्रीचे इशारे बहुतेक खोटे निघतात, वर उजेड तिरपा पडत असेल, मॅडमनी बघितलं आहे ना, मग भरून टाका. मागून आणखी दोन गाड्या यायच्या होत्या. काँक्रीट गाडीत फार वेळ थांबत नाही, ते घट्ट व्हायला लागतं. बाईंनी नुसती मान डोलावली असती तर काम सुरू झालं असतं.

त्या शिडी चढल्या. सळ्यांच्या जाळीवर टाकलेल्या फळ्यांवरून पूर्वेच्या टोकाला गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि जाळीत हात घातला.

ही गॅलरी भिंतीच्या बाहेर साडेपाच फूट काढलेली होती, खाली एकही खांब नसलेली. अशा गॅलरीचं सगळं वजन वरच्या सळ्या पेलतात. त्या उंच राहाव्यात म्हणून खाली वाकवलेल्या सळईचे तुकडे ठेवतात, साइटवर त्यांना चेअर म्हणतात. बाईंच्या हाताला सळ्या लागल्या, पण जिथे लागायला हव्या होत्या तिथे नाही, चार बोटं खाली. चेअर बाजूला काढून नीट रचून ठेवलेल्या होत्या. वायरमनने नळ्या घालायला त्या काढल्या होत्या, आणि परत बसवायच्या असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांनी जाळी दबत दबत खाली गेली होती. काँक्रीट पडलं असतं तर वरून काहीच कळलं नसतं. खालचे टेकू काढले की मग कळलं असतं.

काल पाच वाजता खालूनच वर नजर टाकून घड्याळाकडे बघितलेलं बाईंना आठवलं. पूर्वी शेवटचा माणूस उतरला की त्या एकदा वर चक्कर मारत. एकतीस वर्षांत ती चक्कर चुकली नव्हती.

खाली उतरून त्यांनी फोनवर मॅनेजरला सांगितलं, स्लॅब थांबवला आहे, जावई बरोबर होता. मॅनेजरने विचारलं की चूक कुणाची. वायरमन, चाळिशीचा मिशीवाला माणूस, तिथेच उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वायरमन उतरल्यावर वर चढून बघायचं काम माझं होतं," बाई म्हणाल्या. "मी चढले नाही. घरी गेले."

जावयाने घटनेची नोंद तोपर्यंत करूनही टाकली होती. जबाबदार व्यक्ती या रकान्यात त्याने वायरिंगच्या ठेकेदाराचं नाव भरलं होतं. बाईंनी ते खोडून स्वतःचं घातलं. मुकादम मागून बघत होता. तो सळ्या बांधणारे चार फिटर घेऊन शिडीकडे पळाला.

आता प्रश्न गाड्यांचा. बाईंच्या डोक्यात पटकन आलं की शाळेच्या बाजूच्या दारापाशी चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार सळ्या बांधून तयार आहे, आणि मागच्या कुंपणाचा पायाही. दोन्ही कामं पुढच्या आठवड्यात धरलेली. त्यांनी जावयाला विचारलं की तेच काँक्रीट तिथे चालेल का. त्याने क्षणात हिशेब केला, चालेल म्हणाला, दुसऱ्या गाडीला मागच्या रस्त्याने वळवलं, तिसरी कारखान्यातून निघण्याआधीच थांबवली आणि स्लॅबच्या गाड्यांसाठी दुपारी एकची वेळ मागून घेतली. बाई तोवर टेप घेऊन उताराच्या सळ्या मोजून आल्या होत्या.

मग जी धावपळ झाली ती साइटवर नंतर कित्येक दिवस सांगितली जात होती. पंपाचं तोंड वळेपर्यंत माणसांनी घमेली उचलली. वायरमनने कुणी न सांगता फावडं घेतलं. केबिनमधला नकाशेवालाही विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बाहेर आला आणि लाकडी थापी उलटी धरून काँक्रीट सारखं करू लागला, तेव्हा सगळे हसले आणि कुणीतरी ती सुलटी करून दिली. पावणेदहाला उतार भरून झाला. गुळगुळीत आणि नेमक्या उताराचा. दुसरी गाडी कुंपणात रिकामी झाली. घमेलंभर मालही वाया गेला नव्हता.

मुकादम घाम पुसत बाईंजवळ आला. केबिनच्या काचेकडे बघून तो म्हणाला, "आज जावयानं घरातलं काम केलं."

वर चेअर पुन्हा बसल्या. बाईंनी गॅलरीतली एकेक सळई हाताने दाबून बघितली. त्यांच्या मागोमाग मुकादमाने बघितली. वायरमनलाही त्यांनी वर बोलावलं आणि वरची सळई वर का हवी हे समजावलं. हात लांब करून पाण्याची बादली धरायला लावली, आणि ताण खांद्याच्या वरच्या बाजूला येतो की खालच्या, ते विचारलं. त्याने वरच्या म्हणून सांगितलं. आता तो जन्मात विसरणार नव्हता. एकला स्लॅब सुरू झाला, सहाला संपला. बाई शेवटचा माणूस उतरेपर्यंत वर होत्या, आणि तो उतरल्यावरही एक चक्कर मारून मग खाली आल्या.

घरी सगळं सांगितल्यावर नवरा म्हणाला की पत्ते काही पळून जात नाहीत. बाईंना त्या रात्री गाढ झोप लागली.

दोन आठवड्यांनी मॅनेजर आला तो जरा अवघडून. मुख्य कार्यालयाने ती नोंद वाचली होती. यंत्रणा इतकी चांगली चालते तर प्रत्येक साइटला वेगळा इंजिनिअर कशाला, असं तिथे ठरलं होतं. काही जणांना घरी जावं लागणार होतं. बाईंना मात्र पाच साइट दिल्या होत्या, पगार वाढवून. कार्यालयात पडद्यासमोर बसायचं आणि पाचही साइट बघायच्या. स्वतःच्या नावावर चूक लिहिणारं माणूस त्यांना तिथे हवं होतं, असं मॅनेजर म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात म्हणाला की तसं त्यानेच त्यांना सुचवलं होतं.

बाईंनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. कुठल्याही साइटवर स्लॅब भरण्याआधी, सगळ्यांची कामं संपल्यावर, एका माणसाने वर चढून हात लावून बघायचं. तसं बघितल्याची नोंद झाल्याशिवाय जावयाने गाडी सोडायची नाही. आणि घरी पाठवायचं म्हणून ठरवलेल्या इंजिनिअरांना आधी या कामावर घ्यायचं.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, जावई ते बघतोच की."

"त्याला बघू दे. आपणही बघू. दोघांनी बघितलं तर बिघडलं कुठं?"

कार्यालयाने आठवडाभर विचार केला. मग जावयाच्या यादीत शेवटी एक प्रश्न वाढला: शेवटचा माणूस उतरल्यावर वर जाऊन हात लावून पाहिलं का? सहा इंजिनिअरांना घरी जायचं होतं, त्यातले चार राहिले. दोघांचं बाईंना अखेरपर्यंत वाईट वाटत राहिलं.

शाळेच्या साइटवरचा त्यांचा शेवटचा दिवस त्यांनी स्वतःच निवडला. गॅलरीचे टेकू काढायचा दिवस. दोरी बांधून सगळ्यांना लांब उभं केलं. मुकादमाच्या माणसांनी बाहेरच्या टोकाकडून सुरुवात करून एकेक टेकू सैल केला, भिंतीच्या दिशेने सरकत. शेवटचा टेकू निघाला. सगळे वर बघत होते. काहीच झालं नाही. जावयाने टोक तीन मिलिमीटर खाली आल्याचं सांगितलं. बाईंनी कागदावर तेवढंच काढून ठेवलं होतं.

माणसं टाळ्या वाजवू लागली, मग वायरमनने शिट्टी मारली. बाईंनाही हसू आवरेना. नुसतं काहीच न होण्यासाठी आपण एकतीस वर्षं पगार घेतला, असं त्या मुकादमाला म्हणाल्या. तो म्हणाला की त्याने तर कमी पगारात तेच केलं.

मग दोरी सुटली. बारा वाजत आले होते आणि अंगण तापलं होतं. बाई गॅलरीखाली गेल्या, हेल्मेट काढून शेजारी ठेवलं आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या. मुकादम येऊन बसला, फिटर आले, वायरमन आला, मॅनेजर जरा घुटमळला आणि चांगली इस्त्रीची पँट धुळीत टेकून बसला. कुणी पाण्याची बाटली पुढे सरकवली. साडेपाच फूट रुंदीच्या त्या नव्या सावलीत सगळे पाय आखडून, एकमेकांना खेटून बसले होते, आणि सावली सगळ्यांना पुरत होती.